पट्टा रोज फिरला पाहिजे

दांडपट्टा हातात चढवला की पहिल्या क्षणी कळतं, मनगट आता आपलं राहिलेलं नाही. तलवार मुठीत धरतात, पट्टा हातावर चढवतात. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, त्याच्या आत आडवी मूठ आणि पुढे लांबलचक, लवचीक, दुधारी पातं. मनगट खोबळ्यात जखडलेलं असतं, त्यामुळे वार येतो तो कोपरातून, खांद्यातून, कमरेतून आणि खरं म्हणजे पायातून. पाऊल चुकलं की पातं स्वतःच्याच पोटरीकडे वळतं. म्हणून कोल्हापूरच्या तालमींत नव्या पोराला आधी पट्टा देत नाहीत. आधी काठी. काठी बहुतेक मनगटावर चालते. काठीनं मनगट मोकळं होतं, ते झालं की पट्टा त्याच मनगटाला विसरायला लावतो. हा क्रम ज्यानं कुणी बसवला त्याला शरीराची फार खोल जाण असली पाहिजे.

मी हे लिहितो आहे ते कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये, तालमीच्या कट्ट्यावर बसून पाहिलेल्या संध्याकाळींच्या जोरावर. एकाच तालमीचं नाव घेत नाही. जे पाहिलं ते दोन गल्ल्या सोडून पलीकडेही थोड्याफार फरकानं दिसतं. आत मारुतीची शेंदरी मूर्ती, भिंतीला टेकवलेले मुद्गल आणि करेले, मधोमध हौदा. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली. पहाटे ती पैलवानांची असते. संध्याकाळी बाहेरचं पटांगण मर्दानी खेळांचं. दिवेलागणीला पोरं यायला लागतात. चपला उंबऱ्याबाहेर, मारुतीला नमस्कार, मग मातीला, मग वस्तादांना. कोणी आळस केला तर शेजारचं पोरच त्याला परत पाठवतं.

आणि मग जे रिंगण भरतं, त्यासाठी हा लेख. पहिली-दुसरीतली मुलं आपल्या उंचीची आखूड काठी घेऊन उभी असतात. त्यांच्या शेजारी कॉलेजातल्या मुली, ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या. दिवसभर रिक्षा चालवून आलेला गडी खाकी शर्ट काढून खुंटीला लावतो आणि आत शिरतो. नोकरीतून निवृत्त झालेले दोघे-तिघे खांदे फिरवत कडेला उभे असतात. नातवाला सोडायला आलेली एखादी आज्जी सुरुवातीला कट्ट्यावर बसते, मग कधीतरी उठून रिकामी काठी हातात घेते आणि पुढच्या आठवड्यापासून रिंगणातच दिसते. दोघांमधलं अंतर काठीच्या मापानं ठरतं. हात पूर्ण पसरून काठी फिरवली तरी शेजाऱ्याला लागता कामा नये. सहा वर्षांच्या पोराला हे एका संध्याकाळीत समजतं, कारण न समजून घेण्याचा परिणाम त्याच्या किंवा शेजाऱ्याच्या नडगीवर लगेच उमटतो.

कुस्तीत असं रिंगण भरत नाही. कुस्तीवर माझं प्रेम आहे, पण कुस्ती माणसं निवडत जाते. वजन, वय, खुराक, पहाटेची मेहनत, दूध-तुपाचा आणि बदामाच्या थंडाईचा खर्च. पंचविशी-तिशी उलटली की बहुतेकांचा हौदा सुटतो आणि मग ते आयुष्यभर कुस्ती बघणारे होतात. मर्दानी खेळात ताकदीपेक्षा अंतर आणि वेळ मोठी. समोरच्याच्या काठीची टप्प्यात येण्याची घडी ज्याला दिसते, तो साठीचा असला तरी वीस वर्षांच्या पोराला थांबवतो. मी एका संध्याकाळी पाहिलं, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ जागचे जवळजवळ हललेच नाहीत, फक्त अर्धं पाऊल मागे घेत होते, आणि समोरचा तरणाबांड पोरगा घामाघूम झाला होता. त्या अर्ध्या पावलासाठी त्यांनी किती वर्षं घालवली असतील!

एका रिंगणात सगळे उभे राहू शकतात, त्यामुळे शिकवण्याची पद्धतही वेगळी आहे. वस्ताद सगळ्यांना शिकवत नाहीत. ते आठ-दहा जणांना शिकवतात, ते आठ-दहा जण पुढच्यांना. बारा वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलाची काठी धरायची पद्धत सुधारत असते आणि वस्ताद लांबून तिच्याकडे बघत असतात, मुलाकडे नाही. तिला शिकवता येतं की नाही, हीच तिची परीक्षा. इथे कमरेला बांधायचे रंगीत पट्टे नाहीत, प्रमाणपत्र नाही. कोण कुठवर आला आहे हे रिंगणात तो कोणासमोर उभा केला जातो यावरून सगळ्यांना कळतं.

काठी आणि पट्टा यांच्यापलीकडे बरंच आहे. फरी-गदगा म्हणजे लहानशी कातडी ढाल आणि कातडं मढवलेला सोटा. तलवारीच्या झुंजीचा सराव रक्त न काढता व्हावा म्हणून ही जोडी. बोथाटी म्हणजे टोकाला गोळा बांधलेला बिनधारी भाला. गोळा रंगात बुडवतात, म्हणजे वार लागला की कपड्यावर खूण उरते आणि वाद राहत नाही. आणि विटा. विटा पाहिला नसेल त्यानं एकदा तरी पाहावा. आखूड भाला, त्याच्या मागच्या टोकाला दोर, दोराचं दुसरं टोक मनगटाला. भाला फेकायचा आणि तो जमिनीवर पडायच्या आत झटक्यानं ओढून पुन्हा मुठीत घ्यायचा. फेकलेलं शस्त्र शत्रूच्या हाती पडू नये, ही डोंगरातल्या, माणसं आणि हत्यारं दोन्ही मोजकी असलेल्या सैन्याची गरज त्यातून दिसते. आज विटा नीट फेकणारे हात फार थोडे उरलेत. फेकणं पुष्कळांना येतं, ओढून घेणं येत नाही.

हा खेळ तालमीत आला कसा, हे सांगायचं तर १८७८ च्या शस्त्रकायद्यापाशी थांबावं लागतं. इंग्रजांनी सामान्य माणसाच्या हातातली हत्यारं काढून घेतली. गावोगाव जी शस्त्रविद्या घराघरात होती ती बंद दाराआड गेली किंवा खेळाच्या नावानं तालमीत उतरली. काठी कायद्याला खुपत नव्हती, म्हणून काठीवर सगळ्या हत्यारांचे हात जपले गेले. आजही एखादा जुना वस्ताद काठीचा हात दाखवताना मध्येच सांगतो की हा खरा तलवारीचा, तो भाल्याचा. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रकायद्यातही लांब पात्याच्या हत्यारांवर निर्बंध घालण्याची तरतूद आहे. सरावाचे पट्टे बोथट असतात, आणि सार्वजनिक प्रात्यक्षिकाआधी परवानगीसाठी पोलीस चौकीत जाऊन बसणं हे मंडळाच्या कार्यकर्त्यांचं नेहमीचं काम असतं.

कोल्हापूरला मात्र शाहू महाराज लाभले. १९०२ मध्ये ते युरोपात गेले, रोममधलं जुनं क्रीडागार पाहिलं, आणि तसं काही आपल्या गावात हवं असं त्यांनी मनात घेतलं. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधला हौदा सर्व बाजूंनी दिसावा अशी उतरती बैठक, हजारो माणसांची. राजाश्रय मिळाला तसे पंजाबापासूनचे मल्ल इथे आले आणि पेठापेठांतल्या तालमींना प्रतिष्ठा आली. पुढे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. गावानं खेळाडूला पोसायचं, ही कोल्हापूरची जुनी सवय.

तालीम म्हणजे फक्त व्यायामाची जागा, असं बाहेरच्यांना वाटतं. कोल्हापुरात तालीम ही पेठेची संस्था आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल ही नावं आज अर्ध्या शहराला ठाऊक आहेत ती फुटबॉलमुळे. शाहू स्टेडियमवर तालमीच्या नावाचे संघ उतरतात आणि पेठेच्या पेठा गॅलरीत असतात. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, रक्तदान तालमीचं. आणि मोहरमचे पंजेही तालमीचे. बाबूजमाल, काळाइमाम, बाराइमाम ही नावंच पाहा. २०१८ आणि २०१९ मध्ये गणेशोत्सव आणि मोहरम एकाच सुमाराला आले तेव्हा कित्येक ठिकाणी गणपती आणि पंजे शेजारी शेजारी बसले आणि आरतीला आणि फात्याला तीच माणसं उभी होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा पेठांत शिरली, तेव्हा माणसं बाहेर काढायला आणि जेवणाची पाकिटं पोहोचवायला तालमींची आणि मंडळांची पोरं धावली. संध्याकाळी एका रिंगणात उभं राहून एकमेकांच्या अंतराचा अंदाज घेणाऱ्यांना अंधारात दोर धरून उभं राहणं जमतं, असं मला वाटतं.

तालमीचा उंबरा सगळ्यांना सारखा खुला होता, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. तो खुला करणारी माणसं होती, आणि त्यांत पहिलं नाव पुण्याच्या लहुजी साळवे यांचं. १७९४ चा जन्म. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत वडील राघोजी पडले. लहुजी वस्तादांनी पुण्यात गंज पेठेत तालीम चालवली. मातंग समाजातल्या या माणसाच्या हाताखाली दांडपट्टा आणि नेमबाजी शिकायला सर्व जातींची मुलं येत. जोतीराव फुले त्यांच्याकडे शिकले. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळांना विरोध झाला तेव्हा लहुजी आपल्या पठ्ठ्यांसह पाठीशी उभे राहिले. लहुजींच्या नात्यातली मुक्ता साळवे त्यांतल्याच एका शाळेत शिकली आणि तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तालीम आणि शाळा एकमेकींना इतक्या लागून होत्या, हे आपण पुरेसं सांगत नाही. मर्दानी खेळांच्या इतिहासावर बोलताना प्रतापगडावरच्या जिवा महालांचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं. लहुजींचं नाव त्याच्या बरोबरीनं घेतलं पाहिजे, कारण त्यांनी ही विद्या रणातून पेठेत आणली आणि ती कोणाला शिकवायची हा प्रश्न स्वतःपुरता कायमचा सोडवला.

उंबऱ्याबाहेरच राहिलेल्यांचं उदाहरण अगदी अलीकडचं. २०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीत, पुण्याच्या रस्त्यावर दोन्ही हातांनी काठ्या फिरवणाऱ्या शांताबाई पवार यांची चित्रफीत देशभर फिरली. वय ८५ च्या घरात, नऊवारी नेसलेली बाई, आणि काठी डोळ्याला दिसू नये इतक्या वेगानं. पुढे मदत मिळाली, त्यांच्या हाताखाली मुलींना शिकवण्यासाठी वर्गही सुरू झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र राहून राहून वाटत राहिलं, की रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्या डोंबारी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या होती आणि तालमींच्या पाटीवर त्यांतलं एक नाव कधी लागलं नाही. ती चित्रफीत कोणी काढली नसती तर शांताबाईंचे हात त्यांच्याबरोबरच गेले असते.

मुलींचं येणं ही गेल्या काही वर्षांतली सर्वात मोठी घडामोड. पूर्वी तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाई नसे, हौद्याच्या बाबतीत तर नाहीच. कुस्तीनं ती वेस ओलांडली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. मर्दानी खेळात हा बदल स्पर्धेच्या गाजावाजाशिवाय, पेठेपेठेत होत गेला. आई स्वतः मुलीला घेऊन येते. तिला स्वसंरक्षण हवं असतं, आणि वस्ताद त्याबाबत मला फार प्रामाणिक वाटले. चार दिवसांच्या शिबिरात स्वसंरक्षण येत नाही, हे ते तोंडावर सांगतात. रोज या, सहा महिने या, मग बघू. सहा महिन्यांनी मुलीच्या हातात काय येतं हे सांगायला मला शस्त्रांची नावं लागत नाहीत. ती उभी कशी राहते ते दिसतं. पाय रोवलेले, नजर समोरच्याच्या खांद्यावर, कारण वार आधी खांद्यात दिसतो.

आता माझ्या मनात जे सलतं त्याबद्दल. मर्दानी खेळ लोकांना दिसतो तो वर्षातून दोन-चारदा. १९ फेब्रुवारीची शिवजयंती, दसरा, ६ जूनचा रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पुढे पोरं पट्टे फिरवत चालतात, मोबाइल वर होतात, टाळ्या पडतात. लिंबू काढण्याचं प्रात्यक्षिक हमखास. तळहातावर, डोक्यावर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं कापायचं आणि कातडीला ओरखडा नाही. ते बघताना माझाही श्वास अडकतो. ते काढणाऱ्याच्या मागे वर्षांची मेहनत असते, त्याबद्दल शंका नाही. शंका वेगळीच आहे. प्रात्यक्षिकाची मागणी वाढली तसे फक्त प्रात्यक्षिकापुरते शिकवणारे वर्ग निघाले. दीड महिन्यात मिरवणुकीसाठी पोरं तयार करायची. वेग, गिरक्या, जोरजोरात ओरडणं आणि आग लावलेल्या काठ्या. त्यात समोर कोणी उभा नसतो. जोडीदाराशी खेळणं, त्याचा वार घेणं, अडवणं, सोडून देणं, हा या विद्येचा गाभा, आणि तो मिरवणुकीत दिसत नाही म्हणून शिकवलाच जात नाही. एकट्यानं हवेत फिरवलेल्या पट्ट्यानं पाऊल कधी तपासलं जात नाही.

२०२४ च्या शिवजयंतीला राज्य सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान जाहीर केला. आनंद झाला. पण मान दिल्यानं खोबळा बनवणारा लोहार परत येत नाही आणि वस्तादांच्या घरचा किराणाही भरत नाही. पेठेतल्या तालमीत फी नसते किंवा नावापुरती असते. वस्ताद दिवसा कुठेतरी नोकरी करतो, दुकान चालवतो, संध्याकाळी इथे येतो. शेजारच्या चौकात कराटेचा वर्ग असतो. तिथे फी आहे, गणवेश आहे, ठरलेला अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहेत आणि परीक्षेच्या शेवटी मुलाच्या कमरेला नव्या रंगाचा पट्टा येतो. पालकांना काय मिळतंय ते दिसतं. मी त्या वर्गांना नावं ठेवणार नाही. त्यांनी मध्यमवर्गीय घरातल्या हजारो मुलामुलींना अंग हलवायला लावलं आणि शिक्षकाला त्याच्या कामाचे पैसे द्यायचे असतात हे समाजाला शिकवलं. तालमीनं त्यांच्याकडून निदान एवढं घ्यावं, की शिकवणाऱ्याचं पोट हा देवावर सोडायचा विषय नाही.

मल्लखांबाचं उदाहरण घरचंच आहे. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांच्या नावाशी जोडला गेलेला हा व्यायाम एके काळी तालमीच्या कोपऱ्यातला पूरक प्रकार होता. १९८१ मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला, नियम लिहिले गेले, गुण कसे द्यायचे ते ठरलं, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. मुंबईत शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलांपासून परदेशी पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना खांबावर चढवलं. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पंजाबचा गतका, केरळचं कळरीपयट्टू, मणिपूरची थांग-ता यांनीही आपापले नियम बसवले आणि मल्लखांबासह ते खेलो इंडिया युवा स्पर्धांत पोहोचले. मर्दानी खेळ त्या रांगेत दिसला नाही.

याचं कारण पेठेत विचारलं की आवाज चढतात. प्रत्येक तालमीचे हात वेगळे, पवित्रे वेगळे. एकीकडे डावा पाय पुढे, दुसरीकडे उजवा, आणि दोन्हीकडे आपलाच खरा. नियम कोणाचे मानायचे? एक नियमावली झाली की बाकीचे हात मरतील, ही जुन्या वस्तादांची भीती मला पोकळ वाटत नाही. स्पर्धा आली की गुण मिळतात तेवढंच उरतं. विट्याला गुण नसले तर पाच वर्षांत विटा कोणी हातात घेणार नाही. तरीही मी नियमांच्या बाजूनं आहे, एका अटीवर. आधी सगळ्या तालमींचे सगळे हात जसेच्या तसे नोंदवावेत, मग स्पर्धेसाठी त्यांतले थोडे निवडावेत. नोंद हे काही अशक्य काम नाही. बडोद्यात दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी स्वातंत्र्याआधीच्या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढले, चित्रांसह, शस्त्रांच्या खेळांसकट. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी आपलं पथक बर्लिनला घेऊन गेलं आणि तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं झाली. त्या पिढीकडे आजच्यासारखा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता.

म्हणून माझी मागणी लहान आणि ठोस आहे. महापालिकेनं आणि राज्य सरकारनं मर्दानी खेळाच्या महोत्सवावर जो खर्च करायचा तो करावा, पण त्यातला एक हिस्सा पेठेतल्या रोजच्या वर्गाला, वस्तादाच्या मासिक मानधनाला द्यावा आणि त्यासाठी एकच गोष्ट तपासावी : पावसाळ्यातल्या एखाद्या आडवारी, कुठलाही सण नसताना, तिथे किती माणसं काठी घेऊन उभी आहेत. ज्या तालमींचे हौदे बुजवून फरशा घातल्या गेल्या, तिथे निदान संध्याकाळचे दोन तास पटांगण या खेळासाठी मोकळं ठेवावं. शिवाजी विद्यापीठ गावातच आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या वस्तादांपासून सुरुवात करावी. समोरून, बाजूनं आणि पाठीमागून चित्रण, प्रत्येक हाताचं तालमीतलं नाव, तो कोणाकडून शिकला त्याचं नाव, आणि पावलांचं चित्रण वेगळं. पावलं नीट दिसावीत म्हणून धोतर गुडघ्यापर्यंत खोचायला सांगावं. विट्यापासून सुरुवात केली तर बरं, कारण तो ओढून घेणारे हात आता थोडेच आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचे गुडघे दुखतात.